लॉटरीवाल्यांचं नाव

मामांच्या दहाव्याला आम्ही कृष्णेच्या घाटावर कावळ्याची वाट बघत उभे होतो. पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. पायऱ्यांवर मागे दोन माणसं बोलत होती. एकानं विचारलं, "कुणाचं आहे?" दुसरा म्हणाला, "गावभागातले ते लॉटरीवाले हो." पहिल्याला लगेच ओळख पटली. "अरारा, लॉटरीवाले गेले व्हय?"

मी वळून बघितलं नाही. पण ते शब्द आजही कानातून जात नाहीत.

मामांनी चाळीसच्या वर वर्षं सांगलीच्या हळद बाजारात एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून काढली. हळकुंड मोडून आतला रंग बघायचे आणि माल कुठल्या भागातला असेल ते बिनचूक सांगायचे. त्यांनी लिहिलेल्या खतावणीत खाडाखोड सापडत नसे. गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या मुलांना त्यांनी पावकी-निमकी शिकवली, मोडी वाचून दाखवली. एवढ्या आयुष्यात लॉटरीचं तिकीट त्यांना एकदाच लागलं, ऐन चाळिशीत. आणि मरणानंतर दहाव्या दिवशी घाटावर त्यांची ओळख उरली ती तेवढीच.

बक्षीस किती रुपयांचं होतं ते मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरातही प्रत्येकाच्या तोंडी आकडा वेगळा आहे. मामी कमी सांगते, चुलतभाऊ जास्त सांगतात. ज्यांना मामांनी काही दिलं नाही, त्यांचा आकडा सगळ्यात मोठा असतो.

त्या काळी एसटी स्टँडजवळ तिकिटवाल्यांची रांग असायची. लाकडी फळीवर चिमट्यांना लावलेली रंगीत तिकिटं वाऱ्यानं फडफडायची. मामा पगाराच्या दिवशी एक तिकीट घेत. महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली १२ एप्रिल १९६९ ला. लोकांनी मटक्याच्या नादी लागू नये, हा सरकारचा एक हेतू होता. मामांच्या मनातही तो फरक पक्का होता. मटका लपून खेळायचा आणि लॉटरीची सोडत मात्र चारचौघांसमोर, पेपरात निकाल छापून. "सरकारी आहे, उघड आहे," असं ते म्हणत. या उघडपणावर त्यांचा विश्वास होता, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्याच उघडपणातून झालं.

तिकीट लागल्याचं कळलं तेव्हा पहिला आनंद दुकानाच्या मालकांना झाला. त्यांनी हार आणला, पेढे वाटले. एका स्थानिक पेपरचा माणूस आला, दुकानासमोर हळदीच्या पोत्यांवर मामांना बसवून फोटो काढला. दोन दिवसांनी तो छापून आला. नाव, वय, दुकान आणि घराचा पत्ता, तोही "मारुतीच्या देवळामागे" इथपर्यंत. मामांनी तो अंक घडी घालून कपाटात ठेवला. त्यांना अभिमान वाटला होता. मलाही वाटला होता. मी तेव्हा नववीत होते आणि तो पेपर शाळेत घेऊन गेले होते.

मग पेव फुटलं.

हा वाक्प्रचार मराठीत सगळीकडे वापरतात, पण सांगलीकरांना खरं पेव माहीत असतं. गावाबाहेर हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीखाली हळदीची पेवं होती. खोल, पोटात फुगीर, तोंडाशी अरुंद. तिथली माती अशी की आत ओल धरत नाही, हवा कोंडलेली असल्यामुळे कीड लागत नाही. तोंड बंद करून वर माती सारली की जमीन सपाट. वरून चालणाऱ्याला कळतही नाही की आपल्या पायाखाली कुणाची वर्षाची कमाई आहे. मामांबरोबर लहानपणी एकदा पेव उघडताना बघायला गेले होते. दगड सरकवला आणि मी वाकून आत बघायला गेले, तर त्यांनी दंडाला धरून मागे ओढलं. उघडल्या उघडल्या आत कुणी उतरायचं नसतं. काही तास तोंड तसंच मोकळं ठेवायचं, कोंडलेली हवा निघून जाऊ द्यायची. घाई केली तर आत उतरलेला गडी गुदमरून मरतो.

मामांच्या बाबतीत तो वेळ कुणी दिला नाही. पेपर सकाळी आला आणि दुपारी माणसं दारात. पलूसकडचे, कडेगावकडचे, ज्यांची नावं आजीलाही आठवेनात असे नातेवाईक. तालमीची पोरं गणपतीची वर्गणी मागायला आली आणि नेहमीच्या अकरा रुपयांकडे बघून हसली. देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती कुणीतरी आधीच मामांच्या नावानं फाडून आणली होती. एकानं लग्न ठरवलं, एकानं विहीर काढायची ठरवली, दोघांनी धंदा काढायचं ठरवलं, आणि सगळ्यांच्या हिशेबात भांडवल मामांचं. ज्याला दिलं तो "एवढंच?" म्हणाला, ज्याला दिलं नाही त्यानं बोलणं सोडलं. मालकांनी उचल देणं बंद केलं, "तुम्हाला काय आता." भाजीवालीसुद्धा घासाघीस करू देईना.

मामी एकदा म्हणाली होती, "पैसे आले ते आले, पण घराला दार म्हणून राहिलं नाही बघ."

लॉटरी लागलेल्या माणसाचं नाव गुप्त राहावं की नाही, या प्रश्नावर बोलताना लोक बहुतेक वेळा खून-दरोड्यांपासून सुरुवात करतात. तशी उदाहरणं आहेत आणि ती भयानक आहेत. अमेरिकेत फ्लोरिडात कोट्यवधी डॉलर जिंकलेल्या एका साध्या मजुराचा काही वर्षांत खून झाला. शिकागोत मूळ हैदराबादचा एक माणूस २०१२ साली बक्षिसाचा चेक निघाल्यावर लगेच मेला आणि शरीरात सायनाईड सापडलं. पण आपल्या गावात बहुतेकांच्या वाट्याला खून येत नाही. आपल्याकडे दार जातं. झोप जाते. सख्ख्या भावाशी मोकळेपणानं बोलणं जातं. याची पोलिसात तक्रार करता येत नाही, म्हणून हे नुकसान कुणी मोजत नाही.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये केरळच्या ओणम बंपरचं २५ कोटींचं बक्षीस तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला लागलं. मुलाचा गल्ला फोडून तिकिटाचे पैसे जमवले होते. एजंटचं कमिशन आणि कर जाऊन हातात १५ कोटी ७५ लाख येणार होते. आठवड्याच्या आत तो कॅमेऱ्यासमोर सांगत होता की हे बक्षीस लागलं नसतं तर बरं झालं असतं. घरात राहता येत नाही, आजारी मुलाला दवाखान्यात नेता येत नाही, माणसं जातील तिथं गाठतात. पैसे तर अजून हातातही आले नव्हते. तो व्हिडिओ मी मामीला दाखवला. तिला मल्याळम कळत नाही, खालची अक्षरं वाचता येत नाहीत. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बंद कर."

मी बँकेत होते. विश्रामबागेतल्या एका शाखेत बरीच वर्षं काउंटरवर, नंतर आतल्या टेबलावर. बँकेत रुजू होताना निष्ठा आणि गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही घेतात. तरुणपणी तो एक कागद वाटतो. पुढे कळतं की नोकरीतला सगळ्यात अवघड भाग तोच आहे. नवरा येऊन बायकोच्या खात्यात किती आहेत ते विचारतो. सासरा येऊन सुनेचं विचारतो. "मॅडम, आपल्याच घरातलं आहे की." नाही सांगायचं. आपल्या सख्ख्या जावेचं खातं आपल्या शाखेत असेल आणि त्यात काही नसेल, तर ते माहीत असूनही दिवाळीत तिच्या शेजारी बसून करंज्या लाटायच्या. कुणाकडे किती आहे हे कळल्यानं माणसाकडे बघण्याची नजर बदलते. आपली बदलू नये म्हणून मी बरीच धडपड केली आहे.

निवृत्तीच्या थोडं आधी एक माणूस आला. त्याचं काम, गाव, वय सगळं मी इथे बदलून लिहिते आहे. मार्केट यार्डात हमाली करायचा असं समजा. काउंटरवर काही बोलेना. "मॅडम, जरा आत बोलायचं हाय." आत आल्यावर त्यानं बनियनच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात रुमाल, रुमालात पुठ्ठा, पुठ्ठ्यात तिकीट. नंबर त्यानं तीन वेगवेगळ्या पेपरांत बघितला होता.

मी त्याला आधी तिकिटाच्या मागे सही करून नाव-पत्ता घालायला सांगितलं, दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून दिली. लॉटरीचं तिकीट म्हणजे ज्याच्या हातात त्याचं, सही होईपर्यंत. मोठ्या बक्षिसासाठी सरकारच्या कार्यालयात पॅन, आधार, खात्याचा तपशील घेऊन मुदतीत अर्ज करावा लागतो. बक्षीस दहा हजारांच्या वर असेल तर ३० टक्के कर आधीच कापला जातो, हे त्याला समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. कापलेल्या पैशांचं त्याला काही वाटलं नाही. त्याला एकच विचारायचं होतं.

"नाव पेपरात येतंय का?"

बायकोला सांगितलंय का, असं मी विचारलं. म्हणाला, "तिला सांगितलं तर तिच्या भावाला कळणार. भावाला कळलं म्हंजे गावाला कळलं. पर तिला न सांगून झोप बी न्हाई लागायची."

सरकारनं नाव का छापावं, याला लोक दोन उत्तरं देतात. एक जाहिरातीचं. हार घातलेला हमाल, रिक्षावाला किंवा दिवाणजी दिसला की दुसऱ्या दिवशी शंभर दिवाणजी तिकीट घेतात. हे उत्तर मला मान्य नाही. तिकिटाची किंमत माणसानं दिली, त्यात चेहऱ्याची किंमत धरलेली नव्हती.

दुसरं उत्तर जड आहे, आणि मी ते टाळू शकत नाही. नाव कळलं नाही तर बक्षीस खरंच कुणाला मिळालं हे लोकांना कसं कळणार? २०१० साली अमेरिकेच्या आयोवा राज्यात १ कोटी ६५ लाख डॉलरचं तिकीट लागलं आणि वर्षभर कुणी मागायला आलं नाही. मुदत संपायला काही तास उरलेले असताना परदेशातल्या एका ट्रस्टच्या नावानं वकिलामार्फत दावा आला. खरा मालक कोण ते सांगणार नाही म्हणाले. आयोवाच्या नियमात निनावी दावा चालत नव्हता. लॉटरीवाल्यांनी नाव मागितलं, दावा मागे घेतला गेला, आणि चौकशीचा धागा सापडला. शेवटी निघालं काय, तर अनेक राज्यांच्या लॉटऱ्यांची सुरक्षा बघणाऱ्या अधिकाऱ्यानंच नंबर काढणाऱ्या संगणकात स्वतःचा कोड घुसवला होता. एडी टिप्टन त्याचं नाव. त्याला शिक्षा झाली. त्या दिवशी नाव विचारण्याचा नियम नसता तर हे कधीच बाहेर आलं नसतं. आपल्याकडे तर काळा पैसा पांढरा करायला लागलेली तिकिटं जास्त पैसे देऊन विकत घेतात, हे बँकेत बसणाऱ्या कुणालाही ऐकून ठाऊक असतं.

म्हणजे नाव कुणालाच कळू नये, असं मी म्हणू शकत नाही. आणि म्हणतही नाही.

पण नाव कुणाला कळावं, यात फरक आहे ना? आयोवात नाव मागितलं ते लॉटरी चालवणाऱ्यांनी, कायद्याच्या अधिकारानं. गल्लीनं मागितलं नव्हतं. आयकर खात्याला कळू दे. लेखापरीक्षकाला कळू दे. शंका आली तर न्यायालयाला कळू दे. हजार प्रश्न विचारा, कागद तपासा, घरी जाऊन या. पण त्यासाठी मारुतीच्या देवळामागचा पत्ता पेपरात कशाला हवा? मामांचा फोटो छापल्यानं एकही घोटाळा उघडकीला आला नसता. तो फोटो बघून हिशेब तपासायला कुणी आलं नाही, जे आले ते हात पसरून आले.

२०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. पाणी ओसरल्यावर सानुग्रह अनुदानाच्या याद्या लागल्या, नावानिशी, भिंतीवर. आमच्या गल्लीचीही होती. तिथं मला ते योग्य वाटलं. तो जनतेचा पैसा होता, पूरग्रस्त कोण आणि उगाच घुसलेला कोण हे शेजाऱ्यालाच कळतं. यादी भिंतीवर नसती तर खऱ्या माणसाचं नाव गळालं असतं. लॉटरीत शेजाऱ्याला काय कळणार? नंबर जुळला की जुळला. तो तर छापतातच.

लहान गावात एक गोष्ट आणखी आहे. नाव न सांगताही नाव कळतं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात २०१८ साली एका बाईला ५६ कोटी डॉलरच्या आसपासचं बक्षीस लागलं. तिनं तिकिटावर स्वतःची सही करून टाकली होती, आणि मग कळलं की ट्रस्टच्या नावानं घेतलं असतं तर नाव गुप्त राहिलं असतं. ती कोर्टात गेली. कोर्टानं नाव गुप्त ठेवायला परवानगी दिली, पण गावाचं नाव सांगायला हरकत नाही म्हटलं. हे वाचलं तेव्हा मला मिरज, तासगाव, विटा डोळ्यांपुढे आलं. "विट्याच्या माणसाला लागली" एवढं छापलं की तिसऱ्या दिवशी कोण ते कळलंच. कुणी नवी गाडी घेतली, कुणी पत्रा काढून स्लॅब टाकला, कुणी मुलीला पुण्याला शिकायला पाठवलं, याचा ताळा चहाच्या टपरीवर लागतो. दुकानदार "इथे पहिले बक्षीस लागले" असा फलक लावतो, आणि त्या दुकानात रोज तिकीट घेणारे किती, ते तर सगळ्यांनाच माहीत.

म्हणून मला ॲरिझोनाचा नियम आवडतो. तिथं बक्षीस दिल्यावर ९० दिवस नाव गुप्त ठेवतात, आणि मोठ्या रकमेच्या विजेत्यानं ठरवलं तर कायमचं. नव्वद दिवस म्हणजे पेवाचं तोंड उघडं ठेवून कोंडलेली हवा जाऊ देणं. माणूस वकिलाला भेटेल, कर्ज फेडेल, बायकोला नीट समजावून सांगेल, कुणाला काय द्यायचं ते शांत डोक्यानं ठरवेल. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं एकमुखानं सांगितलं. तो हक्क हमालालाही आहे, आणि नशीब उघडल्याच्या दिवशी तो संपत नाही.

एवढं सगळं मी ठामपणे म्हणते, तरी मामांच्या कपाटातला पत्र्याचा डबा मला गप्प करतो.

ते गेल्यावर मामीनं तो माझ्याकडे दिला. बिस्किटांचा जुना डबा, आत पत्रं. पेपरातला पत्ता वाचून अनोळखी लोकांनी पाठवलेली. बहुतेक मी वरवर वाचली. ज्योतिषी, धंद्याच्या योजना, देवस्थानं, शाप देणारीही दोन होती. पण खाली सुतळीनं बांधलेली सहा पत्रं वेगळी होती आणि प्रत्येकाला मनीऑर्डरची पावती टाचलेली. रकमा लहान. एका बाईला शिलाई मशीनसाठी. एका विद्यार्थ्याला परीक्षेच्या फीसाठी. एका पत्रात वहीच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं की वडील अंथरुणाला खिळले आहेत आणि मी मोठा आहे. त्याला मामांनी तीनदा पैसे पाठवले होते. घरात कुणालाही माहीत नव्हतं. मामीलाही नाही.

नाव छापलं नसतं तर ते पोरगं मामांपर्यंत कसं पोचलं असतं?

याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच दिसतं की ज्या माणसाचं दार सगळ्यांनी मोडलं, त्यानंही द्यायचं ते लपवूनच दिलं. घरातल्यांपासून, आपल्या माणसांपासून. आणि मला वाटतं की पेपरवाल्यानं त्या दिवशी हळदीच्या पोत्यांवर बसवण्याआधी "छापू का?" एवढं विचारलं असतं, तर कदाचित मामा हो म्हणालेही असते. त्यांना उघडपणाची आवड होती. पण विचारलं नाही कुणी. मालकांनी नाही, पेपरवाल्यानं नाही, आणि तो अंक शाळेत मिरवणाऱ्या मीही नाही.

हरिपूरची पेवं २००५ च्या पुरात गेली. पाणी आत शिरलं, हळद कुजली, पुढे माल गोदामांत आणि कोल्ड स्टोअरेजमध्ये जायला लागला.

आणि तो हमाल. त्याचं काम झालं. पैसे खात्यात आले, ठेवी झाल्या, शाखेत तीन माणसांना माहीत होतं आणि तिघांनीही तोंड उघडलं नाही. त्यानं हमाली सोडली नाही. साधारण वर्षानं तो पेढ्याचा एक मोठा पुडा घेऊन आला. काउंटरवरून पुढे पुढे करत सगळ्यांना दोन दोन देत होता, शिपायाला, सुरक्षारक्षकाला, पासबुक भरायला आलेल्या बायकांनाही. चेहरा असा फुलला होता की बघणाऱ्याला हसू यावं.

"कशाचं हो?" कॅशियरनं विचारलं.

तो क्षणभर थांबला. माझ्याकडे बघितलं. "असंच," म्हणाला. "गणपतीचं हायत."

एक पेढा मी रुमालात बांधून घरी नेला. रात्री जेवताना यांनी विचारलं, कशाचा.

"असंच," मी म्हणाले. "गणपतीचा आहे."